व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया

व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (संक्षेपाने व्हीटी, मराठीत निलयजन्य जलद हृदयगती) हा हृदयाच्या लयीतील एक गंभीर बिघाड आहे. या स्थितीत हृदयाचे ठोके नेहमीच्या नैसर्गिक केंद्रातून न निघता हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांतून, म्हणजे निलयांतून, अतिशय वेगाने निघू लागतात. निलयांत उगम पावलेले सलग तीन किंवा अधिक ठोके मिनिटाला १०० पेक्षा जास्त वेगाने पडले, तर त्यास व्हीटी म्हणतात. प्रत्यक्षात हा वेग बहुधा मिनिटाला १२० ते २५० इतका असतो. काही रुग्णांत हा बिघाड काही सेकंदांत आपोआप थांबतो, तर काहींत त्याचे पर्यवसान निलयांच्या निष्फळ थरथरीत व काही मिनिटांतच मृत्यूत होते. वेळीच ओळखल्यास मात्र तो विजेच्या नियंत्रित झटक्याने किंवा औषधांनी थांबवता येतो.

हृदयविकाराचा झटका आणि व्हीटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबते, तर दुसऱ्यात हृदयाच्या विद्युत यंत्रणेत बिघाड होतो. विहिरीवरील पंपाचे उदाहरण घेतल्यास पाइप तुंबणे आणि मोटारीचा वीजप्रवाह बिघडणे यांत जो फरक आहे, तसाच हा फरक आहे. परंतु पहिल्यामुळे दुसरा उद्भवू शकतो, किंबहुना बहुतेक वेळा तसेच घडते.

हृदयाची स्वाभाविक लय

मानवी हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन म्हणजे अलिंद व खालचे दोन म्हणजे निलय. काही पुस्तकांत निलयास जवनिका असेही म्हटले आहे. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातून विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला ६० ते १०० विद्युत संवेग निघतात. हा संवेग प्रथम अलिंदांत पसरतो, अलिंद व निलय यांच्यामधील गाठीत क्षणभर थबकतो आणि नंतर पर्किंजे तंतूंच्या जाळ्यातून दोन्ही निलयांत जवळजवळ एकाच वेळी पोचतो. त्यामुळे निलयांचे आकुंचन एकसंध व जोरकस होते.

व्हीटीमध्ये संवेगाचा उगमच निलयांत असल्याने तो या राजमार्गाने न जाता स्नायूंच्या पेशींतून एकीकडून दुसरीकडे सावकाश सरकतो. परिणामी निलयांचे आकुंचन विस्कळीत होते. शिवाय वेग वाढल्यामुळे निलय रक्ताने भरण्यास पुरेसा अवकाश मिळत नाही. मिनिटाला ७५ ठोके असताना एका ठोक्याच्या चक्राला ०.८ सेकंद मिळतो. ठोके २०० झाले की हाच काळ ०.३ सेकंदावर येतो. अर्धवट भरलेल्या निलयातून थोडेच रक्त बाहेर पडते, रक्तदाब घसरतो व मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

प्रकार

कालावधीनुसार व्हीटीचे दोन प्रकार मानले जातात. ३० सेकंदांच्या आत आपोआप थांबणारी ती अल्पकालिक आणि ३० सेकंदांहून अधिक टिकणारी, किंवा रुग्णाची प्रकृती ढासळल्यामुळे त्याआधीच थांबवावी लागणारी ती दीर्घकालिक.

हृदयविद्युत आलेखावरील (ईसीजी) तरंगांच्या आकारानुसारही दोन प्रकार पडतात. सर्व तरंग एकसारखे असल्यास तिला एकरूपी व्हीटी म्हणतात. अशा वेळी निलयात बहुधा जुना व्रण असतो. तरंगांचा आकार ठोक्यागणिक बदलत असल्यास ती बहुरूपी व्हीटी होय. बहुरूपी प्रकारात आलेखाच्या मध्यरेषेभोवती पीळ पडल्याप्रमाणे तरंग फिरताना दिसले आणि मूळ आलेखात क्यूटी हे अंतर वाढलेले असले, तर त्यास टॉर्साद द प्वाँत असे म्हणतात. त्याचा उपचार वेगळा असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे.

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा व्हीटी उद्भवल्यास त्या स्थितीस विद्युत वादळ अशी संज्ञा आहे.

कारणे

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांचा विकार

व्हीटीचे हे सर्वांत सामान्य कारण होय. हृदयविकाराच्या झटक्याच्या पहिल्या ४८ तासांत रक्तपुरवठ्याअभावी व्याकूळ झालेल्या स्नायूंतून अनियंत्रित संवेग निघतात. पुढे मृत स्नायूंच्या जागी व्रणऊती तयार होते. या व्रणात जिवंत स्नायूंचे काही बारीक धागे अडकून राहतात आणि त्यांतून संवेग मंद गतीने वाट काढतो. तो बाहेर पडेपर्यंत भोवतालचा स्नायू पुन्हा उद्दीपित होण्यास तयार झालेला असल्याने संवेग त्याच वर्तुळात फिरत राहतो. या क्रियेला पुनःप्रवेश म्हणतात. त्यामुळे झटका येऊन दहा-पंधरा वर्षे लोटल्यावर, इतर कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तीलाही व्हीटी होऊ शकते.

हृदयस्नायूंचे इतर विकार

हृदयस्नायू प्रसरण पावून दुर्बळ होणे, आनुवंशिक कारणाने जाड होणे, उजव्या निलयाच्या स्नायूंच्या जागी मेद व तंतूंची वाढ होणे, विषाणूंमुळे हृदयस्नायूंचा दाह होणे ही अन्य कारणे आहेत. सारकॉइडोसिस या विकारातील गाठी हृदयात झाल्यास व्हीटी उद्भवते. भारतात क्षयरोगाच्या गाठीही क्वचित हृदयस्नायूत आढळत असल्यामुळे, कारण स्पष्ट न झालेल्या रुग्णात त्यांचाही शोध घेतला जातो. जन्मजात हृदयदोषावर बालपणी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींत शस्त्रक्रियेच्या व्रणाभोवती पुढे व्हीटी निर्माण होऊ शकते.

आनुवंशिक विद्युतदोष

काही व्यक्तींचे हृदय रचनेने पूर्णपणे निर्दोष असते, परंतु पेशींच्या पडद्यातून सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांची ये-जा नियंत्रित करणाऱ्या प्रथिनांत जन्मजात दोष असतो. दीर्घ क्यूटी लक्षणसमूह, ब्रुगाडा लक्षणसमूह आणि श्रमाने किंवा भावनिक क्षोभाने उद्भवणारी बहुरूपी व्हीटी ही त्याची उदाहरणे होत. शेवटच्या प्रकारात मैदानावर धावताना, पोहताना किंवा अचानक घाबरल्यावर मूल कोसळते. अशा मुलांना पुष्कळदा अपस्माराचे, म्हणजे फिटचे, रुग्ण समजून वर्षानुवर्षे त्याच औषधांवर ठेवले जाते. कुटुंबात तरुण वयात झालेला आकस्मिक मृत्यू अथवा पट्टीच्या पोहणाऱ्याचे अनपेक्षित बुडणे ही माहिती निदानाच्या दृष्टीने मोलाची असते.

क्षार व औषधे

तीव्र जुलाब, उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे सेवन यांमुळे रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम कमी होऊन व्हीटी होऊ शकते. काही प्रतिजैविके, बुरशीनाशक औषधे, मानसिक विकारांवरील औषधे आणि खुद्द हृदयाच्या लयीसाठी दिली जाणारी काही औषधे क्यूटी अंतर वाढवतात. अशी दोन औषधे एकत्र घेतल्यास धोका वाढतो.

विंचूदंश व विषबाधा

महाराष्ट्रात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसदृश द्रव्यांचा लोट सुटतो. उलट्या, दरदरून घाम व हातपाय थंड पडणे ही त्याची आरंभीची लक्षणे होत. पुढे हृदयस्नायू दुर्बळ होऊन फुप्फुसांत पाणी साचते व काही रुग्णांत व्हीटीसारखे लयबिघाडही होतात. मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात देहेड येथे जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना या लक्षणांची पद्धतशीर नोंद केली. ती १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध विंचूदंशात जीव वाचवते, हे त्यांनी दाखवून दिले. प्राझोसिनसोबत विंचूविरोधी लस दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हा त्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना २०२२ चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

कण्हेर व पिवळी कण्हेर (बिट्टी) या कुंपणावरील झाडांतील विषारी द्रव्ये, शुद्ध न केलेला बचनाग आणि धान्य टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ही सर्व हृदयाच्या लयीवर घातक परिणाम करतात. कण्हेर व बचनाग यांच्या विषबाधेत एकाआड एक ठोक्याची दिशा उलटणारी, अन्यथा दुर्मीळ अशी द्विदिश व्हीटी दिसते.

निर्दोष हृदयातील व्हीटी

सुमारे १० टक्के रुग्णांत हृदयरचनेत कोणताही दोष सापडत नाही. यांत उजव्या निलयातून फुप्फुसाकडे रक्त जाण्याच्या मार्गालगतची व्हीटी आणि डाव्या निलयातील संवाहक तंतूंतून निघणारी व्हीटी हे प्रमुख प्रकार आहेत. या रुग्णांचे भवितव्य सामान्यतः चांगले असते.

लक्षणे

छातीत अचानक सुरू झालेली धडधड, धाप, छातीत दुखणे, घाम, भोवळ व शुद्ध हरपणे ही मुख्य लक्षणे होत. कित्येकदा नाडीही न लागता रुग्ण एकदम कोसळतो. मेंदूला रक्त न मिळाल्याने काही क्षण हातपाय आखडतात, त्यामुळे पाहणाऱ्यांना ती फिट वाटते. फिट समजून कांदा हुंगवणे, हातात लोखंड देणे किंवा तोंडात पाणी घालणे यात जी मिनिटे जातात, तीच जीव वाचवण्याची असतात.

याउलट, काही रुग्ण व्हीटी चालू असतानाही शुद्धीवर असतात, स्वतः चालत दवाखान्यात येतात व त्यांचा रक्तदाबही ठीक असतो. रुग्ण बोलतो आहे म्हणून ती व्हीटी नाही, हा समज चुकीचा आहे. लक्षणांची तीव्रता ठोक्यांचा वेग व हृदयाची मूळ ताकद यांवर अवलंबून असते.

निदान

झटका चालू असतानाचा आलेख

व्हीटीच्या निदानाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे झटका चालू असताना काढलेला बारा जोडण्यांचा ईसीजी. झटका थांबल्यावर काढलेला आलेख पूर्णपणे निर्दोष असू शकतो. म्हणून प्रकृती स्थिर असेल तर उपचारापूर्वी आलेख काढतात, आणि तो कागद पुढील रुग्णालयात रुग्णाबरोबर जाणे अत्यंत आवश्यक असते. थर्मल कागदावरील आलेख काळानुसार पुसट होत असल्याने त्याची छायाप्रत किंवा मोबाइलवरील छायाचित्र जपून ठेवणे इष्ट ठरते.

आलेखात निलयांच्या आकुंचनाचा तरंग (क्यूआरएस) ०.१२ सेकंदाहून रुंद दिसतो. अलिंद आपल्या मूळ गतीने व निलय स्वतःच्या वेगाने, असे दोघेही एकमेकांपासून स्वतंत्र चालताना दिसले तर निदान जवळजवळ निश्चित होते. अधूनमधून एखादा अरुंद, नैसर्गिक ठोका मध्येच डोकावणे हीदेखील निश्चितीची खूण आहे.

रुंद तरंगांची जलद गती अन्य काही कारणांनीही होते. तथापि आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या व्यक्तीत अशी गती आढळल्यास ती अन्यथा सिद्ध होईपर्यंत व्हीटीच समजावी, असा वैद्यकातील दंडक आहे. त्यामागे ठोस कारण आहे. हा बिघाड अलिंदांकडचा समजून व्हेरापामिल हे औषध शिरेवाटे दिल्यास व्हीटीच्या रुग्णाचा रक्तदाब एकाएकी कोसळून तो दगावू शकतो. उलटपक्षी, दुसऱ्या बिघाडाला व्हीटी समजून उपचार केल्यास सहसा तेवढे नुकसान होत नाही.

पुढील तपासण्या

लय पूर्ववत झाल्यावर मूळ कारणाचा शोध घेतला जातो. रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम, हृदयस्नायूंच्या हानीची निदर्शक ट्रोपोनिन तपासणी, इकोकार्डिओग्राफी आणि आवश्यकतेनुसार अँजिओग्राफी केली जाते. हृदयाच्या एमआरआय चित्रणात व्रण नेमका कोठे व किती आहे ते दिसते. झटके क्वचित येत असल्यास २४ तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगण्याचे होल्टर यंत्र, तर फारच क्वचित येत असल्यास त्वचेखाली बसवण्याचे नोंदयंत्र वापरतात. विद्युतशारीरिक तपासणीत मांडीतील रक्तवाहिनीतून तारा हृदयापर्यंत नेऊन बिघाडाचे उगमस्थान शोधले जाते.

उपचार

नाडी लागत नसल्यास

हा हृदयस्तंभ समजून क्षणाचाही विलंब न करता छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, प्रौढांत ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणे सुरू करावे व डिफिब्रिलेटर यंत्राने विजेचा झटका द्यावा. छातीदाब व झटका यांविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. छातीदाब कोणतीही व्यक्ती देऊ शकते, त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. रुग्णालयात याबरोबरच ॲड्रिनॅलिन व ॲमिओडॅरोन ही औषधे दिली जातात.

नाडी आहे, परंतु प्रकृती अस्थिर असल्यास

रक्तदाब घसरणे, शुद्ध मंदावणे, छातीत दुखणे किंवा फुप्फुसांत पाणी साचणे ही अस्थिरतेची लक्षणे आहेत. अशा वेळी शक्य तेथे भुलीचे औषध देऊन, हृदयाच्या तरंगाशी वेळ जुळवलेला विजेचा झटका दिला जातो.

प्रकृती स्थिर असल्यास

ॲमिओडॅरोन, प्रोकेनामाइड किंवा लिडोकेन यांपैकी एखादे औषध शिरेवाटे दिले जाते. त्याने गुण न आल्यास विजेचा झटका देतात. टॉर्साद द प्वाँत प्रकारात मॅग्नेशियम सल्फेट शिरेवाटे देणे, कारणीभूत औषध थांबवणे व पोटॅशियम वाढवणे हा उपचार आहे. या प्रकारात ॲमिओडॅरोन टाळतात, कारण ते क्यूटी अंतर आणखी वाढवते. डाव्या निलयातील संवाहक तंतूंतून निघणाऱ्या व्हीटीला मात्र व्हेरापामिलनेच गुण येतो. परंतु हृदय निर्दोष असल्याची व प्रकाराची खात्री असल्याशिवाय तज्ज्ञ ते देत नाहीत.

दीर्घकालीन उपचार

बीटा ब्लॉकर गटातील औषधे हा दीर्घकालीन उपचाराचा पाया आहे. ॲमिओडॅरोन प्रभावी असले तरी ते थायरॉइड, यकृत व फुप्फुसे यांना अपाय करू शकते, म्हणून ते घेणाऱ्यांची ठरावीक काळाने तपासणी होणे आवश्यक असते.

हृदयात रोपण करावयाचा डिफिब्रिलेटर (आयसीडी) गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवतात. तो सतत लय पाहत असतो. व्हीटी सुरू झाल्यास प्रथम तिच्याहून जलद असे बारीक संवेग देऊन तो तिचे वर्तुळ तोडू पाहतो, ते न जमल्यास झटका देतो. हृदयस्तंभातून वाचलेल्या व्यक्तींना, तसेच योग्य औषधोपचारानंतरही ज्यांच्या डाव्या निलयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहते अशा अनेक रुग्णांना त्याची शिफारस होते. हे यंत्र मृत्यू टाळते, पण मूळ रोग बरा करत नाही.

कॅथेटर ॲब्लेशन या पद्धतीत तारेच्या टोकातून उष्णता देऊन बिघाडाचे उगमस्थान किंवा व्रणातील संवाहक वाट निकामी केली जाते. निर्दोष हृदयातील व्हीटी या उपायाने बहुधा कायमची बरी होते. व्रणजन्य व्हीटीत तिचे झटके व त्यामुळे बसणारे आयसीडीचे धक्के कमी होतात.

आयसीडी बसवल्यानंतर

मोबाइल यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, वेल्डिंगच्या कामाबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि पिकांच्या रक्षणासाठी शेताभोवती लावलेल्या विद्युत कुंपणास (झटका मशीन) स्पर्श करू नये, असे सांगितले जाते. एकच धक्का बसून रुग्णास बरे वाटत असल्यास डॉक्टरांना कळवावे, लागोपाठ धक्के बसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. यंत्रातील विद्युतघट उष्णतेने फुटत असल्यामुळे, रुग्णाच्या मृत्यूनंतर दहनसंस्कारापूर्वी यंत्र काढून घेणे आवश्यक असते. ही गोष्ट कुटुंबीयांना आधीच ठाऊक असावी लागते.

ग्रामीण भागातील उपचारव्यवस्था

व्हीटीच्या उपचारात अंतराचा प्रश्न निर्णायक ठरतो. नांदेड जिल्ह्यातील लोहा हे तालुक्याचे गाव नांदेड–लातूर रस्त्यावर, नांदेडपासून सुमारे ३० ते ३५ किलोमीटरवर आहे. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेड शहराच्या अलीकडे, याच रस्त्यावर विष्णुपुरी येथे आहे. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था त्या मानाने बरीच दूर पडते. वाहन तत्काळ मिळाले तरी हा प्रवास अर्ध्या तासाहून कमी होत नाही, आणि नाडी थांबलेल्या रुग्णाच्या हाती तर केवळ काही मिनिटे असतात. त्यामुळे घरातील, शेतातील किंवा शाळेतील कोणीतरी छातीदाब सुरू करणे, हाच ते अंतर भरून काढण्याचा एकमेव मार्ग ठरतो.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा कार्यरत आहे. तिच्या प्रगत जीवरक्षक रुग्णवाहिकांत मॉनिटर व डिफिब्रिलेटर असतो. म्हणून हाती लागेल त्या जीपमधून रुग्णास नेण्यापूर्वी १०८ ला दूरध्वनी करणे हिताचे असते. स्थिर रुग्णाचा आलेख जवळच्या ग्रामीण रुग्णालयातच निघाल्यास पुढच्या रुग्णालयातील निदान सोपे होते.

आयसीडी व ॲब्लेशन हे खर्चिक उपचार आहेत. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेडचा समावेश होता. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले. हृदयरोगावरील अनेक उपचार तीत अंतर्भूत आहेत. विशिष्ट उपचाराबाबतची माहिती संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून मिळते.

इतिहास

डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजी यंत्र विकसित केले. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रिटिश वैद्य थॉमस लुइस यांनी १९०९ मध्ये व्हीटीचा आलेख प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पॉल झोल यांनी १९५६ मध्ये छातीवरून विजेचा झटका देऊन निलयांची थरथर थांबवल्याचे दाखवले, तर १९६० च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड लाउन यांनी एकदिश प्रवाहाचा, तरंगाशी वेळ जुळवलेला अधिक सुरक्षित झटका प्रचारात आणला. टॉर्साद द प्वाँत या प्रकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य फ्रांस्वा देसरतेन यांनी १९६६ मध्ये केले.

त्याच वर्षी इस्राएलमध्ये मिशेल मिरोवस्की यांचे वरिष्ठ हॅरी हेलर यांचा वारंवार येणाऱ्या व्हीटीने मृत्यू झाला. रुग्णाला जन्मभर रुग्णालयात ठेवता येत नसेल तर डिफिब्रिलेटरच त्याच्या शरीरात बसवावा, या विचाराने मिरोवस्कींना पछाडले. अनेक तज्ज्ञांनी ही कल्पना अव्यवहार्य ठरवली होती. पुढे अमेरिकेत त्यांनी ती प्रत्यक्षात आणली आणि ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिला आयसीडी मानवी शरीरात बसवण्यात आला.

१९८९ मध्ये कास्ट या अमेरिकी चाचणीने वैद्यकविश्वाला धक्का दिला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर निलयांतून येणारे सुटे ठोके औषधांनी दाबल्यास मृत्यू टळतील, असा समज होता. प्रत्यक्षात फ्लेकेनाइड व एन्केनाइड ही औषधे घेणाऱ्यांत, निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक मृत्यू झाले. आलेख सुधारला म्हणजे रुग्ण वाचला असे नव्हे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

प्रतिबंध

व्हीटीचा प्रतिबंध हा मुख्यतः मूळ रोगाचा प्रतिबंध आहे. तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करणे, रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आणि झटक्यानंतर सुरू केलेली औषधे बरे वाटू लागले म्हणून परस्पर बंद न करणे, हे उपाय महत्त्वाचे आहेत. आनुवंशिक विद्युतदोष आढळलेल्या रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी केली जाते. एका रुग्णाच्या अचूक निदानातून कुटुंबातील इतरांचे प्राण वाचू शकतात.

हे सुद्धा पहा

हृदय
हृदयविकाराचा झटका
हृदयस्तंभ
इलेक्ट्रोकार्डिओग्राम
पेसमेकर
विंचू